नगराचा कारभार कोणाच्या भाषेत?

मुंबईचा सारा नागरी कारभार इंग्रजीतून चालावा, असे मत आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांत अलीकडे वारंवार ऐकू येते. ते मांडणारी माणसे उथळ नाहीत. कोणी बँकेतून निवृत्त झालेले आहेत, कोणी आखाती देशांत परिचारिका म्हणून उमेदीची वर्षे काढून परतलेल्या आहेत, कोणी महाविद्यालयात शिकवतात. त्यांचे म्हणणे असे, की या शहरात मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू, कोकणी, तेलुगू, तामिळ अशा अनेक भाषा शेजारी शेजारी नांदतात. त्यांपैकी एकीला कारभाराचे आसन दिले की बाकीच्यांना ताटकळत उभे राहावे लागते. इंग्रजी मात्र कोणाचीच नाही, म्हणूनच ती सर्वांची होऊ शकेल. शिवाय उच्च न्यायालय, बँक, विमा, रुग्णालय, संगणक अशा सर्व ठिकाणी तीच चालते. मग महापालिकेच्या खिडकीवर तेवढी वेगळी भाषा कशाला?

कायद्यापुरते बोलायचे तर हा प्रश्न निकाली निघालेला आहे. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्याची राजभाषा ठरली. त्या अधिनियमात स्थानिक संस्थांविषयी स्पष्ट तरतूद नव्हती. ती फट विधिमंडळाने मार्च २०२२ मध्ये स्वतंत्र कायदा संमत करून बुजवली. परदेशी दूतावास, केंद्र सरकार, तांत्रिक विषय अशा काही बाबी वगळल्या, तर महापालिकांपासून ग्रामपंचायतींपर्यंत सर्वांनी मराठीतूनच कामकाज करावे, असा तो कायदा सांगतो. तेव्हा मुंबई उद्या-परवा इंग्रजीचा स्वीकार करील, असा संभव नाही. तथापि कायद्याने मिटलेला प्रश्न नीतीच्या दृष्टीने मिटतोच असे नाही. माणसाचा संबंध कायद्याशी क्वचित येतो, कागदाशी रोज येतो. आणि घर, नोकरी, उपचार, कर्ज यांचे भवितव्य ठरविणारे कितीतरी कागद याच शहरात आजही इंग्रजीत असतात. व्यवहारात जी भाषा चालते तिलाच कायद्याचीही मान्यता द्यावी, असे म्हणणाऱ्याला अस्मितेचे उत्तर देऊन भागणार नाही. त्याला न्यायाच्या भाषेत उत्तर द्यावे लागेल, आणि तोच प्रयत्न आम्ही येथे करणार आहोत.

हा वाद आपल्या शहराला नवा नाही. गिरगावातून हाकेच्या अंतरावर ग्रँट रोडचा नाना चौक आहे. ज्यांचे नाव त्या चौकाला आहे, ते नाना शंकरशेट स्वतः इंग्रजी उत्तम जाणणारे होते, गव्हर्नरांच्या दरबारी त्यांची ऊठबस होती आणि एल्फिन्स्टन संस्थेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. इंग्रजीचा द्वेष करण्याचे त्यांना काहीच कारण नव्हते. परंतु १८४० नंतरच्या दशकात, शिक्षण मंडळाचे अध्यक्ष आणि पुढे मुख्य न्यायमूर्ती झालेले सर अर्स्किन पेरी यांनी सरकारी पैसा इंग्रजी शिक्षणावरच खर्च व्हावा असा आग्रह धरला, तेव्हा नाना त्यांच्या विरोधात उभे राहिले. त्यांच्या बाजूला फ्रामजी कावसजी हे पारशी गृहस्थ होते, महंमद इब्राहिम मकबा हे मुसलमान गृहस्थ होते, आणि जॉर्ज जर्व्हिस हे इंग्रज अधिकारी होते, ज्यांनी गणिताची पुस्तके मराठीत आणण्यासाठी कष्ट घेतले होते. या चौघांच्या घरच्या भाषा वेगवेगळ्या. तरी म्हणणे एकच, की ज्ञान थोड्यांपुरते ठेवायचे असेल तर इंग्रजी पुरेल, बहुतांपर्यंत न्यायचे असेल तर देशी भाषांवाचून मार्ग नाही. म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वीदेखील या प्रश्नाची विभागणी मराठी विरुद्ध अमराठी अशी नव्हती. थोडे आणि बहुत, अशी ती होती.

इंग्रजीच्या बाजूने जे बोलता येते, त्यातील सर्वांत वजनदार बोलणे मात्र नानांच्या काळातले नाही. ते दादरच्या हिंदू कॉलनीत ज्यांचे 'राजगृह' उभे आहे, त्या बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या भाषावार राज्यांवरील आपल्या पुस्तकात त्यांनी प्रादेशिक भाषा ही कोणत्याही राज्याची राजभाषा असू नये, राजभाषा हिंदी असावी आणि देश त्यासाठी तयार होईपर्यंत इंग्रजी चालू राहावी, असे निःसंदिग्धपणे लिहिले. त्याच पुस्तकात त्यांनी मुंबई शहराचे वेगळे राज्य करण्याची सूचना केली आहे. त्यांना भीती होती ती ही, की एका भाषेच्या राज्यात त्या भाषेतील बहुसंख्य जातीच्या हाती सत्ता एकवटेल आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला दाद मागायला जागा उरणार नाही. ज्याला मराठीतच पिढ्यान्‌पिढ्या अपमान ऐकावे लागले, त्याला मराठीच्या राज्याची ग्वाही देणे म्हणजे त्याच्या जखमेची चौकशी न करता त्याला आपल्या पंगतीस बोलावणे होय. सावित्रीबाईंनी आपल्या कवितेतून शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचा उपदेश केला, तो याच अनुभवातून. आपल्या भाषेचा अभिमान वाहणाऱ्यांनी हे प्रकरण टाळून पुढे जाऊ नये, असे आम्हांस वाटते.

परंतु बाबासाहेबांच्या लेखणीकडेही पाहावे. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी 'मूकनायक' सुरू केला तो मराठीत. जातिव्यवस्थेच्या निर्मूलनावरील १९३६ चे आपले भाषण छापले ते इंग्रजीत. ज्या श्रोत्यांपुढे लाहोरास ते भाषण व्हायचे होते त्यांच्यासाठी, आणि जगासाठी, इंग्रजी; आणि ज्यांना बोलते करायचे होते त्या मुक्यांसाठी त्यांची स्वतःची बोली. कोणाशी बोलायचे आहे हे आधी ठरवून मग भाषा निवडणे, ही रीत आम्हांला त्यांच्या एका पुस्तकातील एका शिफारशीहून अधिक बोलकी वाटते. कारभारालाही हाच प्रश्न विचारावयास हवा : नगर कोणाशी बोलते?

जगातील दाखले दोन्ही बाजूंनी देता येतात. नागालँडने १९६७ साली इंग्रजी ही राजभाषा म्हणून स्वीकारली. तेथे प्रत्येक जमातीची भाषा निराळी, आणि कोणत्याही एका जमातीच्या भाषेला बाकीच्यांनी मान तुकवावी अशी स्थिती नव्हती. सिंगापुरात मलय, चिनी, तामिळ व इंग्रजी अशा चार राजभाषा असल्या तरी १९६५ नंतर कारभाराचा गाडा प्रामुख्याने इंग्रजीवरच चालला, आणि शाळाही यथावकाश इंग्रजी माध्यमाच्या झाल्या. म्हणजे राज्याने ती भाषा मागितली तशी प्रत्येक मुलाला शिकवलीही. आपल्याकडे इंग्रजीची मागणी करणारे सिंगापूरचे नाव घेतात तेव्हा हा दुसरा अर्धा भाग सांगावयाचा राहून जातो. आणि ज्या पिढीच्या हयातीत हा बदल झाला, तिथल्या म्हाताऱ्या चिनी आया नातवंडांशी कोणत्या भाषेत बोलल्या असतील, हा विचार कधी कधी मनात डोकावतो. पण ते विषयांतर होईल.

'कोणाचीच नाही म्हणून सर्वांची' या वाक्याकडे आता वळू. सर्व युक्तिवादाचा डोलारा याच एका खांबावर आहे. २०११ च्या जनगणनेत इंग्रजी ही आपली मातृभाषा असल्याचे भारतात सुमारे २ लाख ६० हजार लोकांनी नोंदवले, आणि त्यांतले १ लाखाहून अधिक एकट्या महाराष्ट्रात होते. ते कोणत्या शहरात आणि कोणत्या समाजात असावेत, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. आपल्या दिवाणखान्यात संध्याकाळी कोणत्या भाषेत बोलले जाते ते आठवले म्हणजे पुरे. तेव्हा इंग्रजी कोणाचीच नाही हे पहिल्या शब्दापासून खरे नाही. ती काहींची आहे. ज्यांना महाग शाळा परवडली त्यांची ती अधिक आहे, ज्यांना परवडली नाही त्यांची ती मुळीच नाही. समजा, ती कोणाचीच मातृभाषा नसती, तरी परकेपणाचा भार सर्वांवर सारखा पडला नसता. श्रीमंताची परकी भाषा वकिलाच्या फीमध्ये भागते. गरिबाची परकी भाषा त्याच्या अंगावर राहते.

येथे एक प्रसंग सांगणे भाग आहे, कारण या विषयावरचे आमचे मत पुस्तकांपेक्षा अशा प्रसंगांनी अधिक घडले आहे. लालबागच्या एका जुन्या चाळीतील साठी उलटलेल्या एक मावशी एका सायंकाळी धर्मग्रामाच्या कार्यालयात आल्या. त्या आमच्या धर्मग्रामातील नव्हेत; कोकणातल्या एका हिंदू कुटुंबातल्या. यजमान गिरणीत कामाला होते, १९८२ च्या संपानंतर गिरणी पुन्हा धड चालली नाही, पुढे ते वारले. चाळ पाडून तेथे उंच इमारत व्हायची होती. मावशींच्या पिशवीत विकासकाने दिलेला करारनामा होता : ऐंशीहून अधिक पाने, सर्व इंग्रजीत, प्रत्येक पानाच्या तळाशी सहीसाठी पेन्सिलीची खूण. "फादर, मी कशावर सही करतेय, तेवढंच सांगा," त्या म्हणाल्या. चाळीच्या कमिटीने समजावून सांगितले नाही का, असे आम्ही विचारले. "सांगितलं ना. जागा वाढून मिळणार म्हणाले. भाडं देणार म्हणाले. पण त्यांच्यातल्या दोघांनाच इंग्लिश येतं, आणि त्या दोघांचंही एकमेकांशी पटत नाही."

आम्ही ती पाने चाळली. जागा वाढून मिळणार होती, हे खरे. भाडेही मिळणार होते. परंतु विकासकाच्या हाताबाहेरचे कारण घडल्यास ते थांबवता येईल, आणि असे कारण घडले की नाही हे विकासकानेच ठरवावे, असे एक कलम पन्नासाव्या पानाच्या आसपास होते. कलम बेकायदेशीर असेलच असे नाही. तो निर्णय वकिलाचा. मुद्दा एवढाच, की ज्या बाईचे छप्पर त्या कलमावर अवलंबून होते तिला ते कलम आहे हेच ठाऊक नव्हते. ती निरक्षर नाही. मराठी वृत्तपत्र ती रोज वाचते, त्यातल्या अग्रलेखावर तिचे मत असते. तिच्या अक्षरज्ञानाला त्या ऐंशी पानांपुढे काडीची किंमत उरली नव्हती. चाळीत चाळीस वर्षे संसार केलेली बाई, आपल्याच घराच्या कागदापुढे दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहणारी.

भाषा कळत नाही तेथे मध्यस्थ उभा राहतो. कधी तो मुलगा असतो, कधी पुढारी, कधी दलाल. मुलगा भला असेल तर बरे. परंतु जिच्या नावावर घर आहे ती आई त्या क्षणापासून मुलाच्या मर्जीवर आली, हेही तितकेच खरे. परळ-लालबाग भागातल्या जुन्या चाळी एकामागून एक पडत आहेत, आणि प्रत्येक पडणाऱ्या चाळीबरोबर अशा शेकडो सह्या होत आहेत. या सह्या खाजगी करारांवरच्या आहेत, महापालिकेच्या कागदांवरच्या नव्हेत, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. आणि २०२२ चा कायदा तेथवर पोहोचत नाही. पण जेथे बाजाराने इंग्रजीच निवडली आहे तेथे काय घडते याचा हा नमुना. महापालिकेच्या नोटिशी, कराची बिले, रुग्णालयाच्या संमतिपत्रावरील अटी, सुनावणीच्या तारखा हे सारे उद्या याच भाषेत गेले, तर मावशींना कोणत्या दारात उभे राहता येईल?

आरंभीच्या ख्रिस्तसभेत असाच एक पेच उभा राहिला होता. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात ती हकीकत आहे, आणि तिच्याकडे भाषेच्या दृष्टीने आपले सहसा लक्ष जात नाही. यरुशलेममध्ये रोजचे अन्नवाटप चाले. ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांनी कुरकुर केली, की आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. वाटप करणारे हिब्रूभाषक होते. त्यांच्या मनात खोट होती असे ग्रंथकार म्हणत नाही. ज्या विधवेला आपले गाऱ्हाणे त्यांच्या भाषेत मांडता येत नव्हते ती रांगेत मागे पडत गेली, इतकेच बहुधा घडले असावे. प्रेषितांनी त्या विधवांना हिब्रू शिकून या असे सांगितले नाही. दोहोंनाही परकी अशी साम्राज्याची लॅटिन वाटपासाठी घ्यावी, असेही सुचवले नाही. त्यांनी सात जण नेमले. स्तेफन, फिलिप आणि इतर, आणि त्या साती जणांची नावे ग्रीक आहेत. खिडकीपलीकडच्या माणसाने खिडकीअलीकडच्या विधवेची भाषा बोलावी, अशी व्यवस्था झाली. पहिल्या सेवकांची नेमणूक अशी भाषेच्या तक्रारीतून झालेली आहे.

(याच ग्रंथसंग्रहात सरकारी फलकाचाही एक उल्लेख आहे. पिलाताने क्रुसावर लावलेली पाटी हिब्रू, लॅटिन व ग्रीक अशा तीन भाषांत होती. पाटी सर्वांना वाचता येत होती. निवाडा अन्यायाचाच होता. भाषेचा प्रश्न सुटला की न्याय आपोआप होतो, असे आम्हांस सुचवायचे नाही.)

परंतु ज्या कसोटीवर आम्ही इंग्रजी घासून पाहिली, तिच्यावर मराठीही घासून पाहिली पाहिजे. नाहीतर ती कसोटी नव्हे, पक्षपात होईल. याच गिरण्यांत तेलुगू विणकर होते, मदनपुऱ्यात उर्दू बोलणारे जुलाहे होते. आज टॅक्सी चालवणारा, इमारतीवर काम करणारा, घरोघरी जिन्नस पोहोचवणारा बहुधा उत्तरेकडचा किंवा बंगालचा असतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मुंबईत मराठी मातृभाषा सांगणारे निम्म्याहून कमी आहेत, जरी इतर कोणत्याही एका भाषेच्या लोकांपेक्षा अधिक आहेत. त्या विणकराच्या विधवेला महापालिकेची मराठी नोटीस काय सांगते? आणि मराठी मावशींना तरी काय सांगते? परवान्याला 'अनुज्ञप्ती' आणि पैसे देण्याला 'अधिदान' म्हणणारी शासकीय मराठी लालबागच्या कोणत्या खोलीत बोलली जाते? १९६० च्या दशकाच्या आरंभी शासनाचा 'पदनाम कोश' निघाला तेव्हा लोकांनी त्याला 'बदनाम कोश' म्हटले, ते उगाच नव्हे. इंग्रजीची भिंत पाडून संस्कृतची भिंत बांधली तर बाहेरचा माणूस बाहेरच राहतो. फक्त भिंतीवर तोरण आपले असते.

यावरून काही जण म्हणतील, की मग कोणतीच भाषा न्याय्य नाही, तेव्हा सोयीची ती घ्यावी. आमचा निष्कर्ष निराळा आहे. राजभाषा हे नागरिकावर लादलेले ओझे नसून कचेरीने पत्करलेले बंधन आहे, असे मानले म्हणजे पुष्कळसा गुंता सुटतो. अधिकाऱ्याला मराठी आली पाहिजे, सोपी आली पाहिजे, कारण या भूमीवर तीच सर्वांत अधिक लोकांच्या कानाशी परिचित आहे. परप्रांतातून आलेला मजूर दोन-तीन वर्षांत बाजारात जी भाषा कानांनी उचलतो ती मराठी किंवा तिच्या शेजारची हिंदी असते; इंग्रजी तो जन्मभर उचलत नाही, कारण ती बाजारात नसते, शाळेत असते. हे बंधन अधिकाऱ्यावर आहे. त्याचा सोटा करून दुकानदाराच्या पाठीत घालण्याचा परवाना ते देत नाही. २०२५ च्या जुलैत मीरा रोडला मराठी न बोलल्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली. मार खाणारा कचेरीतला अधिकारी नव्हता. खिडकीअलीकडचाच एक माणूस होता. ती मराठीची सेवा नव्हे, हे स्पष्टपणे म्हणण्याचे धैर्य मराठी धर्मगुरूंत आणि मराठी लेखकांत असले पाहिजे.

या संदर्भात त्याच वर्षीचा सर्वोच्च न्यायालयाचा एक निवाडा वाचनीय आहे. अकोला जिल्ह्यातील पातूर नगर परिषदेच्या इमारतीवरील पाटीवर मराठीखाली उर्दूतही नाव होते, आणि २०२२ च्या कायद्याचा आधार घेऊन ते काढावे अशी मागणी झाली होती. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने ती फेटाळली. मराठीचा वापर बंधनकारक असला तरी तिच्या जोडीला दुसरी भाषा वापरण्यास कायदा मनाई करीत नाही, आणि भाषा ही धर्माची मालमत्ता नव्हे, असे न्यायमूर्ती धुलिया यांनी म्हटले. म्हणजे मूळ भाषा एक, आणि गरजेप्रमाणे शेजारी दुसरी. मुंबई महापालिकेला ही रीत परकी नाही. तिच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तामिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ भाषांतून चालत आल्या आहेत. जे नगर आठ भाषांत मुळाक्षरे शिकवू शकते, त्याला मराठी नोटिशीखाली चार ओळींचा सारांश तेलुगूत किंवा उर्दूत देणे जड नसावे. खर्च होईल. गरिबाला समजेल असे बोलण्याचा खर्च नगराने उचलायचा की गरिबाने, एवढाच प्रश्न आहे.

आता आपल्या समाजाविषयी. मुंबईतल्या ख्रिस्ती माणसाला इंग्रजीने भाकर दिली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. रेल्वे, गोदी, तारखाते, कचेऱ्या या साऱ्या नोकऱ्या त्या भाषेच्या बळावर मिळाल्या. १८८७ साली राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या मूळच्या मुंबईकर कॅथलिकांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले, त्यामागेही गोवा-मंगळूरकडून येणाऱ्यांशी नोकऱ्यांत चाललेली चढाओढ होती. खोताच्या वाडीत आणि माझगावच्या म्हातारपाखाडीत त्याच घरांतून मराठीची जी बोली बोलली जाई, ती हळूहळू लग्नाच्या गाण्यांपुरती उरली. लाभ झाला, त्याची किंमतही पडली. पण ज्या भाषेने आम्हांला वर चढवले तीच नगराची भाषा असावी असे आम्ही म्हणतो, तेव्हा आपण तत्त्व सांगत आहोत की आपली सोय सांगत आहोत, हे प्रत्येकाने स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीला विचारावे. शिडीला हात लावताना ती कोणाच्या अंगणात ठेवली आहे, हेही पाहावे.

कारभाराच्या भाषेचा चटका आपल्या पूर्वजांनीही सोसलेला आहे. १६८४ साली गोव्याच्या विजरईने फर्मान काढून कोकणीला मनाई केली आणि तीन वर्षांत सर्वांनी पोर्तुगीज बोलावे असे फर्मावले. त्यातही सर्वांना एका भाषेत आणण्याचेच कारण दिलेले होते. कोकणी मेली नाही, परंतु तिच्या लिखाणाची परंपरा पार विस्कटली. त्याआधी, १५७९ साली गोव्यात आलेला एक इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू निराळीच वाट चालला होता. फादर थॉमस स्टीफन्स यांची मातृभाषा इंग्रजी. वरिष्ठांची भाषा पोर्तुगीज, उपासनेची लॅटिन. त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले ते मराठीत, आणि १६१६ साली ते रायतूरला छापले गेले. मराठीवर प्रेम करणारा पहिला इंग्रज असे त्यांचे वर्णन करून आपण थांबतो. आम्हांला त्यात प्रेमाइतकाच हिशेबही दिसतो : शेतात राबणाऱ्याला पुराण ऐकण्याची सवय आहे, म्हणून त्याला पुराणच द्यावे. पुढे साडेतीनशे वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला दार उघडले. लॅटिन ही तर खरोखरच कोणाचीच मातृभाषा उरली नव्हती. 'कोणाचीच नाही म्हणून सर्वांची' हे वाक्य तिला इंग्रजीहून कितीतरी अधिक शोभले असते. तरीही परिषदेने तिला एकटीला राहू दिले नाही.

आमच्या आधीच्या पिढीचे धर्मगुरू सांगत, की लॅटिन गेली आणि मुंबईच्या बहुतेक वेदींवर तिची जागा इंग्रजीने घेतली. आजही जालना, अहिल्यानगर, वसई या भागांतून कामासाठी आलेली मराठी कॅथलिक कुटुंबे दादर-परळच्या मंदिरांत येतात तेव्हा मागच्या बाकांवर बसतात. आम्ही त्यांना पुढे या म्हणतो. ती हसतात आणि तिथेच बसतात. बाप्तिस्म्याचा दाखला, लग्नाच्या घोषणा, संडे स्कूलची सूचना, या कागदांत त्यांना आपले नाव तेवढे ओळखू येते. ज्या धर्मग्रामाच्या कार्यालयाची खिडकी अशी आहे, तेथून महापालिकेच्या खिडकीविषयी बोलताना जरा जपूनच बोलावे लागते. धर्मग्राम मंडळाने गेल्या वर्षी सर्व दाखले व सूचना दोन्ही भाषांत द्यावयास आरंभ केला. पहिल्या सभेत त्याला झालेला विरोध खर्चाच्या कारणासाठी होता, असे इतिवृत्तात नोंदलेले आहे.

मुलांना इंग्रजी शिकवू नये, असे या सर्वांतून कोणी काढील तर तो आमच्यावर अन्याय होईल. शिकणे आणि राज्य चालवणे या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत. म्हातारपाखाडीचे जोसेफ बॅप्टिस्टा केंब्रिजला शिकले, बॅरिस्टर झाले. महाराष्ट्र त्यांना 'काका' म्हणून ओळखतो, ते त्यांच्या इंग्रजीमुळे नव्हे. ते इंग्रजी त्यांनी लोकमान्यांच्या बाजूने आणि कामगारांच्या बाजूने वापरले म्हणून. १९२५ साली ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. ज्याला ती भाषा येते त्याने ती न येणाऱ्याच्या बाजूने वापरावी, हा त्यांचा कित्ता आपल्या तरुणांना गिरवता येण्यासारखा आहे, आणि त्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

आमच्या धर्मग्रामातील दोन तरुण वकील आणि बँकेत काम करणारी एक भगिनी दर रविवारी मिस्सानंतर शाळेच्या तळमजल्यावरील वर्गात बसतात. ज्याला इंग्रजी कागद वाचून घ्यावयाचा असेल त्याने यावे. सल्ल्याचे पैसे नाहीत, सहीचा आग्रह नाही. पहिल्या महिन्यात करारनाम्यांपेक्षा रुग्णालयाचे कागद आणि विम्याची पत्रे अधिक आली. आलेल्यांत कॅथलिक निम्मेही नव्हते. लालबागच्या मावशींनी आपल्या चाळीतील आणखी सात जणींना आणले, आणि विकासकाकडे करारनाम्याची मराठी प्रत मागणारे पत्र त्या वर्गातल्या फळ्याखाली बसून त्या आठ जणींनी स्वतःच मराठीत लिहिले.